२८ दात्यांवरून ३४ वर

पुण्यातून सपाट रस्त्यानं बाहेर पडायचं असेल तर सोलापूर रोड किंवा नगर रोड. बाकी बहुतेक वाटांवर आधी चढ. दक्षिणेला कात्रज, सासवडला जायचं तर बोपदेव नाहीतर दिवे घाट, पश्चिमेला चांदणी चौकाच्या पुढे मुळशी आणि लवासा, खडकवासल्याच्या पलीकडे सिंहगड. मला रोड बाईक हवी होती ती याच वाटांसाठी. सायकल मनासारखी मिळाली, पण तिचे गिअर या वाटांचे नव्हते. पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चकत्या, आणि मागे ११ ते २८ची अकरा स्पीडची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या अकरा चकत्यांचा संच. मागची चकती जेवढी मोठी तेवढा गिअर हलका. दिवे घाटात हे गिअर चालून जातात. ज्या रस्त्यानं ज्ञानोबांची पालखी वर चढते, त्याचा चढ लांब असला तरी अंगावर येत नाही. बोपदेव आणि सिंहगडावर मात्र वेगळी गोष्ट. तिथे एका वळणानंतर उजव्या हाताची बोटं सवयीनं शिफ्टर आत ढकलतात आणि काहीच होत नाही. चेन आधीच सगळ्यांत मोठ्या चकतीवर असते. घाट चढणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तेव्हा एकच वाक्य येतं, ‘गिअर संपले.’

गिअर संपले की दोनच मार्ग. उभं राहून अंगाच्या वजनानं पॅडल खाली दाबायचं, नाहीतर बसून दात-ओठ खात एकेक फेरी ओढायची. मी दोन्ही करत होते आणि वर पोचतही होते. पण पावसाळा संपता संपता डाव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं. जिना उतरताना जास्त. फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघा तपासला, व्यायाम दिले आणि एक कामाचा प्रश्न विचारला, “चढावर मिनिटाला पॅडलच्या किती फेऱ्या होतात?” माझ्या क्रँकवर, म्हणजे पॅडलच्या दांड्यावर, सेन्सर होता, पण तो आकडा मी चढावर कधी नीट बघितला नव्हता. सपाटीवर ८५ असायचा. सिंहगडाच्या वरच्या टप्प्यात तो पन्नासच्या खाली जात होता. “सायकल बंद करू नका,” त्या म्हणाल्या, “पण इतक्या सावकाश आणि इतक्या जोरानं पाय फिरवू नका.”

मग मी कागद घेऊन बसले. हिशेब अवघड नाही, आणि रोड बाईकवाल्या प्रत्येकानं तो एकदा स्वतःच्या सायकलीसाठी करावा असं मला मनापासून वाटतं.

७००×२८च्या टायरचा घेर साधारण २.१४ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असले तर पॅडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरतं आणि सायकल २.५९ मीटर पुढे जाते. मागेही ३४ दाते असले तर चाक बरोबर एकदाच फिरतं, सायकल २.१४ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर मागच्या २८वर ताशी ९.३ किलोमीटरनं चढावं लागेल, ३४वर ७.७नं चालेल. मी, सायकल आणि पाण्याच्या दोन बाटल्या मिळून ७२ किलो. दहा टक्के चढावर हे वजन ९.३च्या वेगानं वर न्यायला १९० वॉटच्या आसपास ताकद लागते, ७.७ला १६०. त्या १६० वॉटवर मी बराच वेळ टिकते. १९०वर थोडी मिनिटं, मग श्वास तुटतो.

कुणी म्हणेल, जुन्याच गिअरमध्ये सावकाश चढ की. मी तेच तर करत होते. ताशी ७.७ला जुन्या गिअरमध्ये फेऱ्या पन्नासच्या आत येतात, आणि तेवढेच वॉट कमी फेऱ्यांत काढायचे म्हणजे प्रत्येक फेरीला जोर वाढतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर हा सरासरी जोर १५ किलोवरून साडेअठरा किलोवर जातो. सरासरीच ही, क्रँक आडवा येतो त्या क्षणी प्रत्यक्ष जोर याच्या दुपटीकडे जातो. तासभर चढ असेल तर असे तीन हजार दाब एकेका पायावर. गुडघा का बोलत होता ते मला त्या कागदावर दिसलं.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मात्र ३४ची कॅसेट म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर गेल्या. “अगं, मग एमटीबीच घे की,” एक काका म्हणाले. एमटीबी म्हणजे माउंटन बाईक. दुसऱ्यांचा सल्ला होता की हिवाळाभर स्क्वॉट्स मार, पाय आपोआप तयार होतील. ही माणसं प्रेमानं बोलत होती आणि त्यातले काही जण माझ्या दुप्पट अनुभवाचे आहेत, पण या बाबतीत मला त्यांचं पटत नाही. हलका गिअर म्हणजे कमकुवत पाय, ही समजूत फार जुनी आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत होतं की बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी असतात. त्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर रायडर घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला चढाची मोठी चकती असायची. म्हणजे हलका गिअर त्यांनाही लागतच होता. आज सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या सगळ्यांत वरच्या ड्युरा-एस या भागांच्या गटातही ११-३४ची कॅसेट आहे, आणि ती गटात ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शर्यतींचे घाट असतात, बाजारहाट नाही. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. लहानपणापासून मला त्या किताबाचं अप्रूप आहे. ज्यांनी तो मिळवला, त्यांचे पाय माझ्याकडे नाहीत. मला माझ्या पायांना साजेसा गिअर हवा होता.

पर्याय तीन होते. पहिला, फक्त कॅसेट बदलून ११-३० लावणं. सगळ्यांत स्वस्त, पण फरक अगदी थोडा. दुसरा, पुढचा क्रँकच बदलणं, ५०-३४च्या जागी ४६-३०. पुढचं छोटं चेनरिंग काढून त्याच क्रँकवर ३० दात्यांचं बसवता येत नाही का, असं मलाही वाटलं होतं. येत नाही. कॉम्पॅक्ट क्रँकचे बोल्ट ११० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि त्या वर्तुळाच्या आत ३० दात्यांचं चेनरिंग मावतच नाही. अख्खा क्रँक नवा घ्यावा लागतो. तिसरा पर्याय, मागे ११-३४ कॅसेट आणि त्याला झेपणारा डिरेलर.

मी पहिल्यांदा ज्या दुकानात विचारलं तिथे उत्तर मिळालं की रोड बाईकला ३४ बसत नाही, एक्स्चेंजमध्ये नवी सायकल घ्या. ते ऐकून मी सायकल घेऊन आमच्या भागातल्या एका मेकॅनिककडे गेले. बोलणं कमी, हात स्वच्छ, आणि काम करताना मोबाईल उचलत नाही. त्यानं सायकल स्टँडवर चढवली आणि कॅसेटकडे न बघता आधी डिरेलरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारली.

“ताई, आरडी १०५चा आहे, आर७०००. पण एसएस आहे. शॉर्ट केज. याला मागे तीसपर्यंत चालतं.”

“आणि चौतीस?”

“त्याला जीएस लागेल. मीडियम केज. शिफ्टर हेच चालतील, पुढचं काही बदलायचं नाही.”

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते. आरडी म्हणजे मागचा डिरेलर, १०५ हा शिमानोचाच एक गट, आणि केज म्हणजे डिरेलरचा खाली लोंबणारा, चेनचा ढिलेपणा ओढून घेणारा भाग. मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात. एक, त्याच्या वरच्या पुलीखाली जास्तीत जास्त किती दात्यांची चकती मावते. दुसरी, तो किती चेन पोटात घेऊ शकतो. दुसरीला क्षमता म्हणतात आणि ती काढायला फक्त दोन वजाबाक्या लागतात. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. माझ्या जुन्या जोडणीत ५० वजा ३४ म्हणजे १६, आणि २८ वजा ११ म्हणजे १७, एकूण ३३. एसएसची क्षमता ३५, तेव्हा ठीक होतं. नव्या जोडणीत १६ अधिक २३, एकूण ३९. जीएसची क्षमता बरोबर ३९ आहे आणि सगळ्यांत मोठी चकती ३४. एकही दाता इकडचा तिकडे नाही. मेकॅनिकनं हे तोंडी केलं, मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत.

सामान मागवलं: ११-३४ची कॅसेट, जीएस डिरेलर, नवी चेन. नव्या सायकलीच्या किमतीपुढे हा खर्च फार थोडा होता. सामान आल्यावर मी त्याला विचारलं, काम होताना बघत बसले तर चालेल का. त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं.

आधी मागचं चाक निघालं. कॅसेटच्या दात्यांवर चेनव्हिप अडकवून, कॅसेट धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगमध्ये चावी घालून त्यानं एका झटक्यात लॉकरिंग सोडवलं. जुन्या चकत्या उतरल्या, फ्रीहब (चाकाचा ज्यावर कॅसेट चढते तो भाग) पुसला, ग्रीस लावलं. मग नव्या कॅसेटच्या खोक्यातून एक पातळ कडी काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. १.८५ मिलिमीटर जाडीचा स्पेसर. ही ११-३४ची कॅसेट अकरा स्पीडची असली तरी तिची रुंदी जुन्या, अरुंद फ्रीहबच्या मापाची असते. रोडच्या अकरा स्पीड हबवर ती चढवायची तर आधी हा स्पेसर घालावा लागतो, नाहीतर लॉकरिंग कितीही आवळलं तरी कॅसेट सैल राहते. ज्यांचा हब आठ, नऊ किंवा दहा स्पीडचा आहे त्यांना तो लागत नाही. घरी स्वतः काम करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं, कारण खोक्यात ही कडी सहज नजरेतून सुटते. लॉकरिंगवर ‘४० एनएम’ कोरलेलं असतं, आणि त्यानं टॉर्क रेंच लावून तेवढंच आवळलं. अंदाजानं काम न करणारा माणूस भेटला की मला फार बरं वाटतं.

डिरेलर बसवण्याआधी त्यानं हँगर तपासला. हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाला असलेला छोटा तुकडा, ज्यावर डिरेलर लटकतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, डोळ्यांना कळतही नाही. गेज लावल्यावर माझा किंचित आत वाकलेला निघाला. २८वर ते खपून गेलं असतं, पण ३४वर चढताना केज स्पोकच्या आणखी जवळ जातो, तिथे एवढंसं वाकणंही महाग पडू शकतं. त्यानं तो सरळ केला, पुन्हा मोजला, मगच डिरेलर लावला.

चेनचं मापही नव्यानंच. जुनी चेन १०६ कड्यांची होती आणि ती चालणार नव्हती. चकती सहा दात्यांनी मोठी झाली म्हणजे चेनला जवळपास दीड इंचाचा वळसा जास्त. आखूड चेन ठेवली आणि चुकून पुढे मोठं, मागे मोठं असा गिअर पडला तर चेन ताणून डिरेलर ओरबाडून निघतो, कधी हँगरसकट. त्यानं नवी चेन डिरेलरमधून न ओवता ५० आणि ३४वरून गुंडाळली, जिथे टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त मोजल्या आणि कटर लावला. ११६ पैकी सहा कड्या गेल्या, ११० राहिल्या.

शेवटचा अर्धा तास नुसत्या स्क्रूंचा. एच आणि एल स्क्रूनं डिरेलरची दोन टोकं बांधली, मग केबलचा ताण. सगळ्यांत जास्त वेळ बी स्क्रूवर गेला. वरची पुली मोठ्या चकतीपासून किती लांब राहावी ते हा स्क्रू ठरवतो. फार जवळ आली तर ३४वर घरघर होते, फार लांब गेली तर लहान चकत्यांवर गिअर आळशीपणे पडतात. पाव फेरी आत, पॅडल फिरव, ऐक, पाव फेरी बाहेर. तो डोळे मिटून ऐकत होता. मी जागची हलले नाही.

पहिली चाचणी बोपदेवला, येवलेवाडीच्या बाजूनं. जिथे गिअर संपायचे तिथे या वेळी आणखी एक शिल्लक होता. ते मनाला किती मोठं बळ आहे हे आधी सांगून पटलं नसतं. तो वापरला नाही तरी तो आहे, एवढ्यानंच खांदे सैल सुटतात. पण खरी परीक्षा सिंहगडाची. पहाटे निघाले, धायरी, किरकटवाडी, खडकवासला, डोणजे, आणि गोळेवाडीचा नाका ओलांडला तेव्हा गाड्यांची रांग अजून लागायची होती. तिथून वर वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटर चढच चढ, आणि काही वळणांत तो दहा-बारा टक्क्यांच्या पुढे जातो. सुरुवातीच्या किलोमीटरांत मी मुद्दाम २७ आणि ३०वर राहिले, ३४ राखून ठेवला. वळणाची आतली बाजू सगळ्यांत खडी असते, तिथेच ३४ लावला. सेन्सरवर फेऱ्या ६०-६२. वेग म्हणाल तर पूर्वीसारखाच, कदाचित किंचित कमी, पण मी बसलेली होते आणि श्वास माझ्या ताब्यात होता. शेवटच्या वळणांत शेजारून चढणाऱ्या एका मुलाशी दोन वाक्यं बोलले. पूर्वी तिथे बोलायचा प्रश्नच नव्हता. वर गेल्यावर मडक्यातलं दही खाल्लं, पिठलं-भाकरी खाल्ली आणि डाव्या पायावर भार टाकून चार पायऱ्या उतरून बघितल्या. दुखलं नाही.

पावसाळ्यात आणखी एक फायदा कळला, ज्याबद्दल मला आधी कुणी बोललं नव्हतं. सिंहगडाच्या आणि ताम्हिणीच्या रस्त्यावर झाडांखाली ओल धरलेली असते, शेवाळ, कुजलेली पानं. तिथे उभं राहून जोर लावला की वजन पुढे जातं आणि मागचं चाक सटकतं. हलक्या गिअरमध्ये बसून पाय गोल फिरवले तर वजन मागच्या चाकावर राहतं आणि जोरही एकसारखा पडतो. फार खड्या जागी पुढचं चाक हलकं व्हायला लागतं, तेव्हा सीटच्या टोकावर सरकून छाती खाली न्यायची. वेग ताशी सहाच्या खाली गेला तर मात्र तोल सांभाळणं हेच काम होऊन बसतं. यापेक्षा हलका गिअर बिनओझ्याच्या रोड बाईकला फारसा उपयोगी पडेल असं मला वाटत नाही.

गमावलं काय, हेही सांगायला हवं. जुन्या कॅसेटमध्ये चकत्या होत्या ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५-२८. नवीत आहेत ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. गेल्या १२, १४ आणि २८, आल्या २७, ३० आणि ३४. मोठ्या चेनरिंगवर ताशी २७ ते ३४ या माझ्या नेहमीच्या वेगात १७, १९, २१ लागतात आणि त्या जशाच्या तशा आहेत. उतारावरचा ५०-११ही तोच. १४ची उणीव सोलापूर रोडला पाठीवर वारा घेऊन ग्रुप ताशी ३८-३९नं सुटतो तेव्हा जाणवते. १३वर पाय जड, १५वर फार भरभर. शर्यतीत उतरणाऱ्याला हे खटकेल आणि त्यानं ११-३२चा विचार करावा, त्यात १२ आणि १४ दोन्ही आहेत. डिरेलर मात्र तिथेही जीएसच लागेल. वजन शंभरेक ग्रॅमनं वाढलं. त्याची चर्चा ग्रुपमध्ये खूप होते, मला ते कधी जाणवलं नाही.

माझ्या एका मैत्रिणीची सायकल शिमानोच्या क्लॅरिस गटाची, आठ स्पीडची. ती मागच्या आठवड्यात ३४बद्दल विचारत होती. तिचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. आठ आणि नऊ स्पीडच्या शिमानो रोड शिफ्टरना जुन्या नऊ स्पीडपर्यंतचे एमटीबी डिरेलर जुळतात, कारण दोन्हींत केबल सारख्याच प्रमाणात ओढली जाते. लांब केजचा तसा एक डिरेलर आणि आठ स्पीडची ११-३४ कॅसेट एवढ्यात भागतं, चेनचं माप तेवढं नव्यानं घ्यायचं. अकरा स्पीडला ही मुभा नाही, तिथे रोडचाच डिरेलर घ्यावा. दहा स्पीडच्या टियाग्रा ४७०० या गटालाही स्वतःचा जीएस डिरेलर आहे, तो ३४ घेतो.

पहिल्या काही राइड्सनंतर केबल थोडी बसली आणि २७वरून ३०वर जाताना चेन अडखळायला लागली. केबलचा ताण बदलणारा बॅरल अॅडजस्टर अर्धी फेरी बाहेर काढला, थांबलं. तेव्हापासून हात लावावा लागलेला नाही.

येत्या हिवाळ्यात भोरवरून वरंधा घाट उतरून महाडला जायचं आणि त्याच वाटेनं परत वर यायचं ठरतंय, पॅनिअर बॅगा लावून. एवढं सामान असताना ३४-३४ पुरणार नाही, म्हणून आता ४६-३०च्या क्रँकची चौकशी चालू आहे. शिमानोच्या जीआरएक्स गटाचा क्रँक घेतला तर त्याची चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर, रोडच्या क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्यावा लागेल. चेन थोडी आखूड होईल. मागच्या डिरेलरचा हिशेब मी करून ठेवला आहे. ४६ वजा ३०, पुन्हा १६. अधिक २३. जीएस तसाच राहील.